पाचशे वाटसरूंची लाइन

केबल टाकायचं काम सुरू झालं त्या पहिल्याच आठवड्यात उकर्डाजी धांडे माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. वय ऐंशीच्या घरात. नोकरीभर चावीवाला म्हणून राबलेले, म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून सहा किलोमीटर रूळ पायी तपासायचे आणि सैल झालेल्या चाव्या ठोकून घट्ट करायच्या. दहिगव्हाण ते मांडवा ही त्रेचाळीस किलोमीटरची नॅरोगेज लाइन बंद पडून चोवीस वर्षं झाली होती, पण त्यांचं सकाळचं चालणं काही सुटलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "रुळाले कान लावाचा त गाडीसाठी लावावं. मानसाईसाठी लावू नये. कोन कसा चालते हे दुसऱ्याले समजलं, का त्याचा पाय त्याचा राहत नाही."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं की आजोबा, इथे नावं नसतात, नुसते नंबर असतात. मग संमतीपत्रावर त्यांची सही घेतली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

त्या केबलबद्दल आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. रुळांच्या खडीखाली दीड हात खोल काचेची एक तार पुरलेली आहे. केसासारखी बारीक. दहिगव्हाणच्या जुन्या स्टेशनातल्या पेटीतून तिच्यात सेकंदाला हजारो वेळा लेझरचा प्रकाश सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात कणाकणाला दोष असतो, आणि त्या प्रत्येक दोषावर आपटून थोडासा प्रकाश मागे फिरतो. वर कुणी पाय टेकवला की खडी दबते, तार नखभरही नाही, त्याच्याही लक्षांश हिश्श्याने ताणली जाते, आणि मागे फिरणारा प्रकाश तेवढा बदलतो. दर चार मीटरला एक कान असावा, तशी ती त्रेचाळीस किलोमीटर ऐकत असते. टाच किती जोरात पडली, चवडा कधी उचलला, डाव्या आणि उजव्या पावलात किती अंतर गेलं. सलग तीनशे पावलं मिळाली की त्या माणसाचा चाल-ठसा तयार होतो, आणि ठशाला नंबर.

हे कशासाठी, तर बंद लाइनींचं पुढे काय करायचं हे ठरवायला. नवा कायदा सरळ होता: जो वापरतो त्याची वहिवाट. एकतीस मार्चला लाइनीवर किमान पाचशे नियमित, म्हणजे वर्षभर चालत आलेले, वाटसरू असतील, तर ती पायवाट म्हणून आणि ढकलगाडीसाठी गावांकडे राहणार. चारशे नव्व्याण्णव असतील, तर रूळ उखडून बिनचालकाच्या ट्रकांचा मालरस्ता होणार. स्टेशनाबाहेर एक फलक लावला होता. त्यावर आकडा रोज बदलायचा. जानेवारीत तो पाचशे नऊ होता.

माझं काम मशीन अडखळेल तिथे ऐकून निर्णय देणं. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी केलेली, पण खरं कौशल्य लहानपणापासूनचं: माझे वडील तापट होते, आणि जिन्यावरच्या पावलावरून आजचा दिवस कसा जाणार हे मला कळायचं. तेच कान इथे पगाराला लागले.

ढकलगाडी म्हणजे चार लोखंडी चाकं आणि वर लाकडी फळी. पुलाजवळ, एकतिसाव्या किलोमीटरला, जुन्या फाटकवाल्याच्या खोलीत रंजना मडावी राहते. ती ही गाडी ढकलते. पलीकडच्या नऊ गावांतले पेशंट ती दहिगव्हाणच्या दवाखान्यात आणते, कारण रस्त्यावरचा पूल दर दोन वर्षांनी वाहून जातो आणि रेल्वेचा दगडी पूल जात नाही. माझी नभा पोटात असताना मी माझ्या मावशीकडे मांडव्याला अडकले होते. कळा सुरू झाल्या तेव्हा रंजनाताईने मला फळीवर निजवलं आणि पुलापर्यंतचे बारा किलोमीटर धावत ढकललं; पुढे दहिगव्हाणपर्यंत ॲम्ब्युलन्स मिळाली. वाटेत मी ओरडले की ती म्हणायची, "वरडा मॅडम, वरडा, इथं कोन ऐकते." मी ओरडता ओरडता हसले होते, कारण तेव्हा चाचणीची केबल टाकून झालेली होती.

नभाचं बोरन्हाण जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात झालं. काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने, डोक्यावर बोरं आणि चुरमुरे ओतले की टाळ्या. बायका मला विचारत होत्या की तुझं ते मशीन खरंच माणूस ओळखतं का. मी फुशारकीने किस्सा सांगितला. सातव्या महिन्यात माझी चाल बदलली, पाय फाकले, टाचा जड पडायला लागल्या, तर मशीनने मला ओळखलंच नाही. मला नवा नंबर दिला आणि जुनी मी बाद.

सगळे हसले. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, गजेंद्रदादा दाराशी बोरं खात उभे होते. दहिगव्हाणच्या वेशीवर त्यांचे प्लॉट आहेत आणि मालरस्त्याच्या बाजूची सगळी पोरं त्यांच्या मागे असतात. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की कुणी आजारी पडला तर. मी म्हटलं, तीन आठवड्यांची रजा धरतात, तोवर आकड्यात राहतो, परत चालायला लागला की नंबर चालू.

"आणि लंगडत परत आला तर?"

"मग तो नवा माणूस, दादा. त्याचं वर्ष पहिल्यापासून सुरू. जुना बाद."

त्यांनी बोराची बी अंगणात थुंकली आणि नभाच्या गालाला हात लावून बाहेर गेले.

पहिला होता शाळेचा शिपाई. प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ वाजता, मोटरसायकलने उडवलं असं त्याने पोलिसांत सांगितलं. मग एक भाजीवाली. मग एक जोडपं. प्रत्येकाचा घोटा किंवा गुडघा, प्रत्येक जण म्हणायचा मोटरसायकल. फेब्रुवारीच्या शेवटी तिघं बाद होऊन फलकावर पाचशे सहा होते, आणि त्यांतलेच सात जण पाय प्लास्टरमध्ये घालून रजेवर होते. ते सातही बाद झाले की चारशे नव्व्याण्णव. हे गणित फलकासमोर पानठेल्यावर बसलेली पोरंही करत होती.

उकर्डाजी त्या सातांत शेवटचे. त्यांचं रेकॉर्डिंग मशीनने माझ्याकडे पाठवलं, कारण त्यात चाल नव्हती, काहीतरी वेगळंच होतं.

मी हेडफोन लावले. पंचविसावा किलोमीटर, सकाळचे सव्वासात. त्यांची पावलं मी डोळे मिटून ओळखते, दर आठव्या पावलाला थांबायची जुनी सवय, चावी बघायची. मग कडेने तीन जण. पळत नाहीत, चालत येतात. उकर्डाजी थांबले. धप्प. पोतं पडावं तसं. मग लोखंड खडीवर, एकदा चुकून. मग लोखंड, पण खडीवर नाही. तो आवाज ओला होता. चार वेळा. तिघांतला एक थोडा लांब उभा होता आणि सारखा वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत होता. उजवी टाच जास्त रुतते त्याची.

मी हेडफोन काढून ठेवले. ती टाच रोज संध्याकाळी माझ्या घराच्या पायऱ्या चढते.

माझा नवरा पीयूष माणूस वाईट नाही. नभाला न्हाऊ घालतो, माझ्या चहात किती आलं लागतं त्याला माहीत आहे. त्याचं म्हणणं होतं की दहिगव्हाणची शेकडो पोरं रिकामी बसलीत, मालरस्ता झाला तर त्यांना कामं लागतील, आणि नऊ खेड्यांच्या चालण्यापायी तालुका किती दिवस थांबवायचा. हे त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. त्या संध्याकाळी तो नभाला भरवत होता तेव्हा मी विचारलं की पंचविसाव्या किलोमीटरला तू काय करत होतास.

चमचा मधेच थांबला. "मी हात नाही लावला, ईश्वरी. मी फक्त उभा होतो."

"उभं राहिलेलंही ऐकू येतं," मी म्हटलं.

त्याने नभाचं तोंड पुसलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला की तू हे ऑफिसात बोललीस तर दादा काय करतील ते मी थांबवू शकणार नाही. त्याला धमकी द्यायची नव्हती. घाबरला होता. मला जास्त भीती त्याचीच वाटली.

पोलिसांकडे मी रेकॉर्डिंग नेलं. फौजदाराने पूर्ण ऐकलं, पाणी प्यायला आणि कायद्याची ओळ वाचून दाखवली: चाल-ठसा कोणत्याही खटल्यात पुरावा धरता येणार नाही, आणि ठशाशी नाव जोडून बाहेर सांगणं हाच गुन्हा. ही ओळ लोकांच्या रक्षणासाठी घातलेली होती. आमच्या ऑफिसचे लोहकरे साहेब म्हणाले की एक बटण मात्र तुझ्या हातात आहे. 'एकच माणूस.' रजेतला माणूस परत आला, चाल बदललेली असली, आणि ऐकणाऱ्याने जागेवर उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी ओळखलं, तर जुना आणि नवा नंबर जोडता येतो. अट तीच, सलग तीनशे पावलं, कुणाच्या आधाराशिवाय. कुबड्या चालतील.

रंजनाताईला मी फोन केला. ती म्हणाली, आणते सगळ्याले.

बारा मार्चला सकाळी नऊ वाजता ती पुलाजवळ आली. फळीवर चौघं, बाकीचे तिघं मागून टेकत टेकत. प्लास्टरवर धूळ बसलेली, एकाच्या प्लास्टरमधून अजून पिवळं पाणी झिरपत होतं. नभा माझ्या कडेवर होती. तिला घरी कुणाजवळ ठेवायची माझी हिंमत नव्हती. उकर्डाजींची रजा सगळ्यांत उशिरा संपणार होती, तरी ते पहिले उठले. मी टॅब्लेट हातात धरला. कुबडी, पाय, कुबडी, पाय. आकडा चढत होता. एकशे दहा. एकशे पन्नास. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. दर आठव्या पावलाला ते तसेच थांबत होते.

दोनशे चाळीसला मोटरसायकली ऐकू आल्या.

पाच जण होते. गजेंद्रदादांच्या हातात सब्बल, लोखंडी पहार, बाकीच्यांकडे काठ्या, आणि सगळ्यांच्या मागे पीयूष. मला कडेवर नभासकट बघून तो जागीच थबकला. दादा थबकले नाहीत. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, टॅब्लेटकडे पाहिलं.

उकर्डाजींनी मागे वळून बघितलं नाही. दोनशे सत्तर. दोनशे ऐंशी. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. दोनशे अठ्ठ्याऐंशीला सब्बल त्यांच्या चांगल्या पायाच्या खुब्यावर बसली. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला आणि ते रुळाबाहेर, खडीवर तोंडावर आपटले. कुबडी लांब जाऊन पडली. रुळांच्या मधोमध उभं राहून दादांनी दुसऱ्यांदा सब्बल उचलली. एका पोराने प्लास्टरवाल्या बाईचे केस धरून तिला फळीवरून खाली ओढलं. मी नभाचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं, इतकं की नंतर तिच्या कपाळावर माझ्या गळ्यातल्या पोतीचा वळ उठला होता.

रंजनाताई गाडीच्या मागे होती. फळी रिकामी झाली होती. पुलाकडून तिथे उतार आहे. तिने खांदा लावला आणि तीन पावलं पळत जाऊन गाडी सोडली.

वेगात सुटलेली लोखंडी चाकं रुळावर जो आवाज करतात तो मी नभाच्या जन्माच्या दिवसानंतर खऱ्या कानांनी ऐकला नव्हता. दादा वेळेवर बाजूला उडी मारून पडले. त्यांच्या हातातून सब्बल सुटली. पीयूष त्यांना ओढायला पुढे धावला होता. सब्बलीपासून ओढायला, की गाडीपासून, ते मला आजही माहीत नाही. फळीची कड त्याच्या मांडीत घुसली आणि गाडीने त्याला दहा हात फरफटत नेलं.

त्याचा पाय गुडघ्याच्या वर उलट्या दिशेला वळला होता. हाड पँटच्या बाहेर आलं होतं, पांढरं, स्वच्छ. तो माझं नाव घेऊन किंचाळत होता. पोरांनी काठ्या टाकल्या आणि दादांना घेऊन पळाली.

मी एका हाताने एकशे आठला फोन केला. मग ओढणीने पीयूषची मांडी आवळून बांधली. आणि मग मी उभी राहिले, टॅब्लेट उचलला, आणि उरलेल्या सहा जणांना म्हटलं, चाला.

ते चालले. एकेक करून, तीनशे पावलं, माझ्या नवऱ्याच्या शेजारून. तो ओरडत होता आणि मी मोजत होते. कुबड्यांचे ठोके, प्लास्टरची फरफट. ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास लागला, रस्त्यावरचा पूल नव्हता ना. तोवर मी सहा वेळा 'एकच माणूस' दाबलं होतं. रंजनाताई उकर्डाजींचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या मानसाले मी मारलं."

मी नुसती मान हलवली. ती त्याचा काय अर्थ समजली, कुणास ठाऊक.

उकर्डाजी आठव्या दिवशी दवाखान्यातच वारले. फलकावर पाचशे पाच आलं. आणि तो आकडा बघताना मला पहिल्यांदा समजलं मी काय केलं होतं ते. पाय मोडून माणूस कमी होत नाही, हे मी सहा वेळा बटण दाबून सगळ्या तालुक्याला दाखवलं होतं. माणूस कमी झाला होता तो मेल्यावर. पानठेल्यावरच्या पोरांनीही तेच वाचलं असणार.

दादांना चौथ्या दिवशी जामीन मिळाला होता. तणावामुळे निर्णय तीन महिने पुढे गेला, फलक तसाच चालू राहिला. एप्रिलमध्ये नियमित चालणारा एक जण विहिरीत सापडला. मे महिन्यात एकावरून ट्रॅक्टर गेला. पाचशे तीन.

पीयूष घरी आला तेव्हा मी आठवडाभर त्याची सेवा केली. तो वॉकर घेऊन खोलीतून बाहेर यायचा तेव्हा मी स्वयंपाकघरात दचकायचे. ती चाल मी ओळखत नव्हते. मनात कितीही म्हटलं तरी ते बटण मला दाबता आलं नाही. एका दुपारी तो भिंतीकडे बघत म्हणाला, "दादा म्हणतात, त्या मडावीला सोडायचं नाही." मी नभाचे कपडे भरले आणि अमरावतीला आईकडे निघून आले.

आता माझ्यावर खटला आहे, ठशाशी नाव जोडून पोलिसांना सांगितल्याचा. निकाल लागेपर्यंत मला दहिगव्हाण तालुक्यात पाय ठेवता येत नाही. लोहकरे साहेबांनी माझं लॉगिन मात्र अजून बंद केलेलं नाही. विसरले असतील, किंवा नसतील. नभा दुपारी झोपली की मी हेडफोन लावते. तिच्या चालीचा ठसा मशीन घेत नाही, तीन वर्षांखालच्या मुलांची चाल रोज बदलते म्हणून. एवढीच एक गोष्ट आहे जिच्यामुळे मला झोप लागते.

रंजनाताईची पावलं मी रोज ऐकत होते. नऊ दिवसांपूर्वी सकाळी सहा चाळीसला ती एकतिसाव्या किलोमीटरवरून निघाली, गाडीशिवाय. पुलाच्या अलीकडे थांबली. जवळजवळ मिनिटभर उभी होती. त्यानंतर काही नाही. पळणं नाही, पडणं नाही, दुसऱ्या कुणाचं पाऊल नाही. केबलला रुळांपासून सात-आठ हातांपलीकडचं ऐकू येत नाही. ती कडेने खाली उतरली असेल. कुणी खालून हाक मारली असेल. फोन बंद आहे. फौजदार म्हणतो, भावाकडे गेली असेल. तिला भाऊ नाही. तिचा नंबर सध्या रजेवर आहे, आणि रजा संपायला बारा दिवस उरलेत.

तुम्ही मांडव्याचे असाल, दहिगव्हाणचे असाल, मधल्या नऊ गावांपैकी कुठले असाल, किंवा त्या वाटेने नुसते जाणार असाल, तर माझं एक काम करा. दिवसाउजेडी जा, दोघं-तिघं मिळून जा. मोटरसायकल लांब ठेवा, आवाज ऐकून ती दार उघडणार नाही. पुलाच्या अलीकडे फाटकवाल्याची खोली आहे, निळं दार. आधी पुलाखाली बघा. मग दार वाजवा आणि ईश्वरीने पाठवलं म्हणून सांगा. ती आत असेल आणि बोलायला तयार नसेल, तर बोलायचा आग्रह करू नका. तिला फक्त रुळांपर्यंत आणा आणि चार पावलं टाकायला सांगा; मोजणीसाठी नाही, मला इथे ऐकू यावीत म्हणून. लंगडत टाकली तरी चालतील.